रस्त्यावर टाकलेले दगड : वाफेच्या गाड्यांचा न सांगितलेला इतिहास

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंचवीस-तीस मुले-मुली बसतात. मागच्या महिन्यात एका मुलीने गाइडमधला प्रश्न मोठ्याने वाचला : ‘मोटारगाडीचा शोध कोणी लावला?’ खाली उत्तर छापलेले होते, ‘कार्ल बेंझ, १८८५’. तिने पेन खाली ठेवले आणि विचारले, “वाफेची रेल्वे त्याच्या साठ वर्षे आधी धावत होती ना? मग एवढ्या वर्षांत तेच इंजिन साध्या रस्त्यावर चालवायचे कोणालाच कसे सुचले नाही?”

आम्हांला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले त्यातून एवढे कळले की तिचा प्रश्न गाइड छापणाऱ्यापेक्षा शहाणा होता. सुचले होते. एकाला नाही, अनेकांना सुचले होते. नुसते सुचलेच नव्हते, तर वाफेच्या गाड्या माणसे भरून रस्त्यावर धावल्या होत्या. तिकीट काढून, ठरलेल्या वेळेला. तेव्हा कार्ल बेंझ जन्मलासुद्धा नव्हता. मग त्या गेल्या कुठे? पाठ्यपुस्तकी उत्तर असे की रेल्वे अधिक चांगली होती, नंतर पेट्रोल अधिक चांगले निघाले, म्हणून वाफेची गाडी आपोआप मागे पडली. इतिहासात ‘आपोआप’ हा शब्द आला की आम्ही थांबतो. आपोआप मागे पडलेल्यांच्या इतिहासात बहुधा कोणीतरी मागे ढकलणाराही सापडतो. इथेही सापडतो, आणि त्याची कागदपत्रे खुद्द ब्रिटिश संसदेने जपून ठेवली आहेत.

सुरुवात फ्रान्सपासून करावी लागेल. निकोला-जोसेफ क्युन्यो हा फ्रेंच सैन्यातला अभियंता. १७६९ मध्ये त्याने वाफेवर चालणाऱ्या गाडीचा लहान नमुना केला आणि १७७० मध्ये पूर्ण आकाराची गाडी. तीन चाके, पुढच्या एकाच चाकावर इंजिनाचा भार आणि त्याच्याही पुढे टांगलेला तांब्याचा भलामोठा बॉयलर. तोफा ओढणे हे तिचे काम. वेग माणसाच्या चालण्याएवढा, ताशी चारेक किलोमीटर. दर पंधराएक मिनिटांनी वाफ संपायची, मग थांबून पुन्हा आग पेटवून वाफ धरायची. ती भिंतीवर आदळली आणि जगातला पहिला मोटार अपघात झाला, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण ती गोष्ट बऱ्याच वर्षांनंतर लिहिली गेली, त्यामुळे आम्ही तिच्यावर फार भार देत नाही. भार द्यावा असे दुसरेच आहे. रस्त्यावरचे हे पहिले स्वयंचलित वाहन माणसांना कुठे नेण्यासाठी बनलेच नव्हते, ते तोफांसाठी बनले होते. राजाने क्युन्योला वर्षाला ६०० लिव्र पेन्शन दिली, क्रांतीत ती बुडाली, तो ब्रुसेल्सला गरिबीत राहिला आणि १८०४ मध्ये पॅरिसला वारला. त्याची गाडी मात्र पॅरिसच्या संग्रहालयात आजही उभी आहे.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळ्या कारणाने अडली. जेम्स वॅटचे नाव आपल्याला शाळेत किटलीच्या गोष्टीसह शिकवतात. वॅटच्या पेटंटचा कायदा संसदेने १८०० पर्यंत वाढवून दिला होता, हे मात्र शिकवत नाहीत. त्याच वॅटच्या कंपनीत विल्यम मर्डॉक नावाचा कुशल कारागीर कॉर्नवॉलमध्ये काम करीत होता. १७८४ मध्ये त्याने रेडरूथ गावात वाफेच्या गाडीचा छोटा चालता नमुना बनवला. १७८६ मध्ये तो पेटंट घेण्यासाठी लंडनच्या वाटेला लागला, तर वॅटचा भागीदार बोल्टन त्याला एक्सेटरला गाठून मागे फिरवतो. नोकराने आपले काम सोडून असल्या नादाला लागू नये, अशी मालकांची इच्छा. वॅटला जास्त दाबाच्या वाफेची भीती वाटत होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, कारण त्या काळचे बॉयलर फुटत. पण कमी दाबाचे इंजिन म्हणजे घराएवढे धूड. ते गाडीवर चढणार कसे? जास्त दाबाची वाफ वापरल्याशिवाय रस्त्यावर गाडी येणे शक्यच नव्हते. म्हणजे वॅटचे पेटंट जिवंत होते तोपर्यंत ती वाट बंद होती.

पेटंट १८०० मध्ये संपले आणि पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १८०१ रोजी, कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्नच्या चढावर रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाच्या वाफेवरची गाडी माणसे बसवून चालवली. हा योगायोग आहे असे ज्याला म्हणायचे त्याने म्हणावे. ट्रेव्हिथिक खाणीत वाढलेला, शाळेत फारसे न रमलेला, अंगाने पहिलवान. पुढे काही दिवसांतच ती गाडी वाटेत बिघडली. मंडळी तिला आडोशाला लावून खानावळीत जेवायला बसली, खालची आग विझवायची राहिली, पाणी आटले आणि गाडी जळून गेली. पण गडी थांबला नाही. १८०३ मध्ये त्याने दुसरी गाडी लंडनच्या रस्त्यांवर होबर्नपासून पॅडिंग्टनपर्यंत चालवून दाखवली. लोकांनी पाहिली, पण पैसा लावायला कोणी पुढे आले नाही. रस्ते खड्ड्यांचे, गाडी हादरणारी, आणि घोडागाडीपेक्षा महाग. १८०४ मध्ये वेल्सच्या पेनिडॅरनमध्ये तेच इंजिन त्याने लोखंडी रुळांवर ठेवले. त्याने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे ओढून नेली. रेल्वेचा इतिहास इथून सुरू होतो. म्हणजे रेल्वेचे इंजिन हे रस्त्यावरच्या गाडीचे अपत्य आहे, उलट नाही. ट्रेव्हिथिक १८३३ मध्ये डार्टफर्डला कंगाल अवस्थेत मेला आणि त्याच्या सोबत काम करणाऱ्या कामगारांनी वर्गणी काढून त्याला मूठमाती दिली.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. तो आहे १८२५ ते १८४० या पंधरा वर्षांचा. या काळात इंग्लंडमध्ये वाफेच्या गाड्या प्रयोगाच्या पलीकडे गेल्या होत्या. गोल्ड्सवर्दी गर्नी हा पेशाने डॉक्टर. जुलै १८२९ मध्ये त्याने आपली गाडी लंडनहून बाथला नेली आणि परत आणली, जाऊन-येऊन दोनशे मैलांहून जास्त. वाटेत मेल्कशॅम गावात जत्रेचा दिवस होता. जमलेल्या गर्दीने यंत्राविरुद्ध घोषणा देत गाडीवर दगडफेक केली. गाडीवरची माणसे जखमी झाली. हा प्रसंग वाफेच्या गाडीवरच्या जवळपास प्रत्येक लेखात सापडतो, आणि त्यातून तात्पर्य काढले जाते की अडाणी जनतेला प्रगती कळत नव्हती.

इथे जरा थांबू या. मेल्कशॅम हा विल्टशरचा कापड विणणाऱ्यांचा भाग. कापडाच्या गिरण्यांत यंत्रे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जगणारी घरे उपाशी पडली. त्या माणसांनी रस्त्यावर धूर ओकत येणारे आणखी एक यंत्र पाहिले. त्यांनी दगड उचलला तो चुकीच्या शत्रूवर, हे खरे. पण त्यांच्या रागाला कारण नव्हते असे म्हणणे हा अप्रामाणिकपणा आहे. पुढच्याच वर्षी दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, तेव्हा सरकारने १९ जणांना फासावर चढवले आणि जवळपास ५०० जणांना समुद्रापार हद्दपार केले. गरिबाच्या हातातल्या दगडाची नोंद इतिहास अशी घेतो.

पण त्याच रस्त्यांवर दुसऱ्या हातांनीही दगड टाकले. ते हात कोणाचे होते?

त्यासाठी तेव्हाचा रस्ता समजून घ्यावा लागेल. इंग्लंडचे मोठे रस्ते टर्नपाइक ट्रस्टांच्या ताब्यात होते. अशा हजाराहून अधिक ट्रस्टांकडे सुमारे २२,००० मैल रस्ते होते. ट्रस्टी होण्यासाठी ठराविक मालमत्ता असावी लागे, म्हणजे गावातले जमीनदार, सरदार, धर्मगुरू, व्यापारी. रस्त्यावर फाटक बसवायचे, टोल घ्यायचा आणि त्यातून दुरुस्ती व कर्जरोख्यांचे व्याज भागवायचे अशी रचना. अनेक ठिकाणी टोल वसुलीचा लिलाव होऊन ठेका दिला जाई. आणि रस्त्याची मेहनत कोणाची? १५५५ च्या कायद्यापासून इंग्लंडमधल्या प्रत्येक गावकऱ्याला वर्षातले ठराविक दिवस रस्त्यावर फुकट राबावे लागे. आधी चार दिवस, नंतर सहा. ही वेठ १८३५ पर्यंत कायद्यात होती. ज्यांच्याकडे पैसा होता ते पैसे भरून सुटत, बाकीचे खडी फोडत. रस्ता राबणाऱ्यांनी केला आणि फाटकाची किल्ली मालमत्तावाल्यांकडे राहिली. आमच्या वाचकांना या व्यवस्थेचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

फेब्रुवारी १८३१ मध्ये सर चार्ल्स डान्स याने गर्नीच्या गाड्या घेऊन ग्लॉस्टर ते चेल्टनम या नऊ मैलांच्या रस्त्यावर नियमित सेवा सुरू केली. दिवसाला चार फेऱ्या, साधारण पाऊण ते एक तासात प्रवास. चार महिन्यांत जवळपास चारशे फेऱ्या झाल्या आणि सुमारे ३,००० प्रवाशांनी प्रवास केला. २२ जून रोजी गाडी रस्त्याच्या अशा तुकड्यावर आली जिथे सुट्या खडीचा जाड थर पसरून ठेवला होता. गाडीचा आस तुटला. कागदोपत्री ती रस्त्याची दुरुस्ती होती. त्यानंतर ही सेवा पुन्हा सुरू झाली नाही, कारण तोवर दुसरा दगड येऊन पडला होता. हा दगड कागदाचा होता.

त्या काळात ट्रस्टांचे स्थानिक कायदे संसदेत एकामागून एक मंजूर होत होते आणि त्यांत वाफेच्या गाडीसाठी वेगळा टोल घुसवला जात होता. घोडागाडीचा टोल घोड्यांच्या संख्येवर असे. वाफेच्या गाडीला घोडाच नाही, मग काय मोजायचे? कुठे वजन धरले, कुठे चाके, कुठे इंजिनाची अश्वशक्ती, ज्याने आकडा फुगेल ते. लिव्हरपूल ते प्रेस्कॉट या रस्त्यावर भरलेल्या घोडागाडीला टोल ४ शिलिंग. गर्नीच्या गाडीला २ पाऊंड ८ शिलिंग, म्हणजे ४८ शिलिंग. बारा पट! स्कॉटलंडमधल्या बाथगेटच्या रस्त्यावर चार घोड्यांच्या गाडीला ५ शिलिंग, वाफेच्या गाडीला २७ शिलिंग १ पेनी. टॉटनेसच्या बाजूच्या एका रस्त्यावर घोडागाडीला ३ शिलिंग, वाफेच्या गाडीला ४० शिलिंग. हे आकडे आमच्या पदरचे नाहीत. याच वर्षी कॉमन्स सभागृहाने नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालात ते आहेत.

ही समिती महत्त्वाची आहे. तिने गर्नी आणि वॉल्टर हॅनकॉकसारख्या गाडी बनवणाऱ्यांची साक्ष घेतली आणि टेलफर्ड, मॅकॅडम यांच्यासारख्या रस्ते बांधणाऱ्या नामवंतांचीही घेतली. निष्कर्ष स्पष्ट होता. वाफेच्या गाड्या साध्या रस्त्यावर ताशी सरासरी दहा मैल वेगाने चालू शकतात. त्या चौदा प्रवासी नेऊ शकतात. त्या प्रवाशांसाठी सुरक्षित आहेत, घोडागाडीपेक्षा स्वस्त पडतील, आणि घोड्यांच्या नाल ठोकलेल्या खुरांपेक्षा रस्ता कमी खराब करतात. म्हणजे जास्त टोलासाठी जे एकमेव कारण पुढे करता आले असते, रस्त्याचे नुकसान, तेच समितीने खोडून काढले. समितीने जाचक टोल रद्द करण्याची शिफारस केली.

मग काय झाले? शिफारस झाली, कायदा झाला नाही. टोलातून दिलासा देणारे विधेयक कॉमन्समधून पुढे सरकले आणि लॉर्ड्सच्या सभागृहात, म्हणजे जिथे जमीनदार स्वतः बसत होते तिथे, पडले. अहवाल अनुकूल, तज्ज्ञ अनुकूल, पुरावा अनुकूल, तरीही निकाल प्रतिकूल. समित्यांचे अहवाल कपाटात ठेवण्याची कला आपल्याकडच्या सरकारांनी शोधून काढलेली नाही. गर्नी या धंद्यात धुपून निघाला. याच गर्नीने पुढे कॉमन्स सभागृहासाठी दिवे बसवले, संसदभवनाच्या हवा-उजेडाचे काम पाहिले आणि १८६३ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. ज्या संसदेने त्याचा रस्ता बंद ठेवला त्या संसदेला त्याचा उजेड चालला.

स्कॉटलंडमध्ये १८३४ साली जॉन स्कॉट रसेल याच्या गाड्या ग्लासगो ते पेझ्ली धावत होत्या. तिथेही रस्त्याच्या ट्रस्टींनी खडीचे ढीग रस्त्यावर टाकले. २९ जुलै रोजी त्या खडीतून जाताना एका गाडीचे चाक मोडले, गाडी बसली, बॉयलर फुटला आणि चार-पाच प्रवासी मेले. मोटारवाहनाच्या अपघातात मेलेले हे जगातले बहुधा पहिले प्रवासी. मेल्कशॅमच्या विणकरांच्या दगडांनी कोणी मेले नव्हते. तरी इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रगतीविरोधी जमाव’ म्हणून त्यांचेच नाव येते. पेझ्लीच्या ट्रस्टींच्या खडीचा उल्लेख फार तर तळटीपेत सापडतो.

या सगळ्यात आम्हांला सर्वाधिक आदर वाटतो तो वॉल्टर हॅनकॉकबद्दल. पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डमधला हा माणूस मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती करीत फिरला नाही. त्याने आधी बॉयलरचा विचार केला. त्याचा बॉयलर पातळ, चपट्या कप्प्यांचा होता. एखादा कप्पा फुटला तर तेवढ्यातूनच वाफ सुटावी, सगळा बॉयलर उडू नये अशी रचना. १८३१ मध्ये त्याची ‘इन्फंट’ स्ट्रॅटफर्ड ते लंडन धावू लागली. १८३३ मध्ये ‘एंटरप्राइज’ लंडन वॉलपासून पॅडिंग्टनपर्यंत. लक्षात घ्या, याच पॅडिंग्टनच्या रस्त्यावर घोड्यांची पहिली ऑम्निबस अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८२९ मध्ये, सुरू झाली होती. म्हणजे शहरी बससेवा जन्मली तेव्हाच वाफेची बस तिच्या बरोबरीने रस्त्यावर उभी होती. १८३६ मध्ये हॅनकॉकने वीस आठवडे सलग सेवा चालवून हिशोब मांडला : ७१२ फेऱ्या, १२,७६१ प्रवासी, सुमारे ४,२०० मैल. शहरातल्या शहरात, गर्दीच्या रस्त्यावर. हा आकडा आम्ही त्या मुलीला फळ्यावर लिहून दाखवला, तेव्हा तिने पहिल्यांदा वर्ष विचारले. १८३६ म्हटल्यावर तिला वाटले आम्ही चुकलो.

१८४० च्या आसपास हॅनकॉकनेही हात टेकले.

आता आमच्यावर आक्षेप येईल की तुम्हांला सगळीकडे कारस्थानच दिसते. वाफेच्या गाडीत खरोखरीचे दोष नव्हते का? होते, आणि ते मान्य न करणे हा अभ्यास नव्हे. दर काही मैलांवर पाणी भरावे लागे. कोकचा साठा जागोजागी ठेवावा लागे. खड्ड्यांच्या रस्त्याने चाके, आस, नळ्या ढिल्या होत. ड्रायव्हरसोबत आगवाला लागे. काही कंपन्यांनी शेअर विकून लोकांना फसवलेही. आणि रेल्वे खरोखरच जबरदस्त स्पर्धक होती. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, आणि गुळगुळीत रुळावर तेच इंजिन कितीतरी जास्त वजन ओढते हे भौतिकशास्त्र आहे, कारस्थान नाही. पुढे फ्रान्समध्ये टर्नपाइक ट्रस्ट नव्हते, तरी तिथेही वाफेच्या गाडीने जग जिंकले नाही. आमेदे बोले याने १८७५ मध्ये आपली ‘लोबेइसांत’, म्हणजे ‘आज्ञाधारक’, ल मान्सहून पॅरिसला अठरा तासांत नेली. वाटेत कायदा मोडल्याच्या ७५ नोंदी तिच्या नावावर झाल्या, हे त्या नावाला काही शोभले नाही.

पण दोष असणे आणि सुधारायची संधी नाकारली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वेच्या पहिल्या इंजिनांतही दोष होते. ट्रेव्हिथिकच्या इंजिनाखाली रूळ तडकत होते. त्यावर पंचवीस वर्षे पैसा आणि डोके लावले गेले, म्हणून ती सुधारली. रस्त्यावरच्या गाडीला ती पंचवीस वर्षे मिळाली नाहीत. आणि रेल्वे रस्त्यावर आलीच नाही, तिने स्वतःची वाट विकत घेतली. प्रत्येक रेल्वे कंपनीने संसदेतून स्वतंत्र कायदा करून घेतला, जमीन सक्तीने संपादित केली, स्वतःचे रूळ टाकले. त्यासाठी अफाट भांडवल लागले. हॅनकॉकसारख्या कारखानदाराला असा मार्ग नव्हता. त्याला सार्वजनिक रस्त्यावरच चालायचे होते. ज्या वाफेकडे स्वतःची वाट विकत घ्यायला भांडवल होते ती वाफ पुढे गेली, आणि जिला सर्वांच्या वाटेने जायचे होते तिला फाटकावर अडवले गेले, असे आमचे मत आहे. रुळावर कंपनीशिवाय दुसऱ्याची गाडी चालत नाही. रस्त्यावर कोणाचीही चालते. १८३० च्या दशकात या दोन प्रकारच्या वाहतुकीतली निवड झाली, आणि ती फक्त यंत्रांनी केलेली नाही.

यातला काव्यगत न्याय असा की ट्रस्टांनी ज्या रेल्वेला वाट मोकळी करून दिली तिनेच त्यांना संपवले. लांब पल्ल्याच्या घोडागाड्या बंद पडल्या, टोल आटला, ट्रस्ट दिवाळखोर झाले. १८३९ ते १८४३ मध्ये वेल्समधल्या गरीब शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून रात्री टोलनाके फोडले. त्यांचे म्हणणे साधे होते, शेतात चुना न्यायलाही टोल भरावा लागतो. या बंडाला रिबेकाचे बंड म्हणतात. इंग्लंड-वेल्समधला शेवटचा टर्नपाइक ट्रस्ट १८९५ मध्ये बंद झाला.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. १८६५ च्या ‘लाल बावट्याच्या कायद्या’ने वाफेची गाडी मारली असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. तो कायदा विनोदीच होता. गाडीवर तीन माणसे हवीत, पुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल बावटा घेऊन चालत जायला हवा, गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल यापेक्षा जास्त वेग नको. माणसाच्या पुढे जाऊ न शकणारी गाडी! पण तारखा बघा. प्रवासी गाड्या १८४० पर्यंत संपल्या होत्या. १८६५ चा कायदा आला तो शेतीची आणि माल ओढण्याची अवजड ट्रॅक्शन इंजिने रस्त्यावर वाढल्यामुळे. मेलेल्याला पंचवीस वर्षांनी मारता येत नाही. लाल बावट्याची गोष्ट मजेशीर आहे म्हणून ती लक्षात राहते, टोलाचा तक्ता रुक्ष आहे म्हणून विसरला जातो. जो पुरावा कंटाळवाणा असतो तो लपवावा लागत नाही, तो आपोआप लपतो. इथे मात्र ‘आपोआप’ बरोबर आहे.

१८९६ मध्ये हे निर्बंध उठले आणि हलक्या गाड्यांना ताशी चौदा मैलांची मुभा मिळाली. १४ नोव्हेंबर रोजी धनिक मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढली, लाल बावटा फाडला, आणि त्या दिवसाला ‘मुक्तिदिन’ म्हटले. गुलामांच्या सुटकेसाठी जो इंग्रजी शब्द वापरला जातो तोच त्यांनी स्वतःसाठी वापरला. असो. त्यानंतरही वाफ लगेच संपली नाही. अमेरिकेत स्टॅन्ली बंधूंच्या वाफेच्या मोटारीने १९०६ मध्ये ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडला, आणि इंग्लंडमध्ये वाफेचे ट्रक १९३० च्या दशकात वजनावरचा कर वाढेपर्यंत माल वाहत होते. तंत्र म्हणून वाफ कुचकामी होती असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आपल्या उपखंडाशी या इतिहासाचा धागा जुळतो तो वेगळ्याच ठिकाणी. एडिनबराच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८६७ मध्ये रबरी धावांच्या चाकांचे वाफेचे इंजिन बनवले. क्रॉम्प्टन नावाच्या भारतातल्या एका तरुण ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ते पंजाबात आणायचे ठरवले. गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांचे पाठबळ मिळाले. १८७१ मध्ये असे एक इंजिन इप्सविचहून एडिनबरापर्यंत चालवून तपासले गेले, आणि पुढे रावळपिंडी-झेलमच्या बाजूला ग्रँड ट्रंक रस्त्यावर ‘सरकारी वाफगाड्या’ धावल्या. इंग्लंडमध्ये तेव्हा लाल बावटा आणि ताशी चार मैल हा कायदा होता. जो वेग तिकडे गुन्हा होता तो पंजाबात सरकारी काम होते. इथे रस्ता कोणा ट्रस्टचा नव्हता, राज्यकर्त्यांचाच होता, म्हणून कोणी खडी टाकली नाही. पण गाड्या चालल्या त्या सरकारच्या आणि लष्कराच्या सोयीसाठी. क्युन्योच्या तोफांपासून शंभर वर्षांनी गाडी फिरून तिथेच आली. १८७२ मध्ये मेयो अंदमानात मारले गेले, पाठिंबा गेला, रेल्वे जवळ आली आणि प्रयोग गुंडाळला. सामान्य माणसाचा माल बैलगाडीवरच राहिला.

या देशातल्या कष्टकऱ्याला रस्त्यावरची वाफ भेटली ती रोडरोलरच्या रूपात. इंग्लंडमधले वाफेचे रोलर इथे आलेच, पण स्वतंत्र भारतातही बनले. टाटांच्या टेल्कोने १९४८ मध्ये मार्शल सन्स या इंग्रजी कंपनीच्या सहकार्याने वाफेचा रोडरोलर बाजारात आणला. ट्रक नंतर आला, आधी रोलर.

आमची आजी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. हा लेख लिहिताना तिला विचारले, तर म्हणाली, रोलर यायचा तो सगळ्यात शेवटी. आधी बायांनी दगड फोडायचे, पाटीने टाकायचे, पसरायचे, पाणी मारायचे. मग धूर सोडत, भोंगा वाजवत ते इंजिन यायचे आणि पोरे त्याच्या मागे पळायची. थंडीच्या दिवसांत बायका दुपारी त्याच्या आगीजवळ हात शेकायला जायच्या. आगवाला ओळखीचा असला तर बॉयलरचे गरम पाणी तांब्यात भरून द्यायचा, नाहीतर हाकलायचा. त्या रस्त्यावरून पुढे एसटी सुरू झाली. आजी तिच्यात पहिल्यांदा बसली ती चार वर्षांनी, आमच्या आत्याच्या लग्नाचे कापड घ्यायला तालुक्याला जाताना.